विहिरीचे गणित, पाण्याची उकळी आणि वाटाण्याची वही

सहामाही परीक्षा होऊन दिवाळीची सुट्टी संपली, की शेतकऱ्याच्या घरात दोन कामे एकदम येऊन पडतात. रब्बीला पाणी द्यायचे असते आणि पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची असते. पहिल्या कामाला आपण रात्री बाराला वीज आली तरी उठतो. दुसरे मात्र उभ्याउभ्या उरकतो. विज्ञानाचे गुण कमी दिसले तर थोडे रागावतो आणि मग "आम्हांला त्यातलं काय कळतंय, तुझ्या गुरुजींना विचार" असे म्हणून मोकळे होतो. हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही, म्हणून या खेपेस खतबियाण्यांचा विषय थोडा बाजूला ठेवून गृहपाठाबद्दल लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडे असते. यंदा नववीत आहे. निबंध छान लिहिते, पाढे तोंडपाठ आहेत, पण विज्ञानाचे उदाहरण समोर आले की पेन खाली ठेवते. सहामाहीचे गुण पाहून तिने जाहीर करून टाकले, "काका, दहावीनंतर मी आर्ट्सच घेणार. सायन्स मला झेपायचं नाही." कला शाखा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मनापासून आवडत असेल तर जरूर घ्यावी. पण भीतीपोटी घेतलेली शाखा म्हणजे पाऊस येईल या धास्तीने अर्धवट वाळलेल्या शेंगा मळणीला घालण्यासारखे आहे. बी.एस्सी. कृषी असो, पशुवैद्यकीय असो की बी.एस्सी. नर्सिंग असो, हे रस्ते बारावीच्या विज्ञानावरूनच जातात. एकदा तो फाटा सोडला की मागे वळणे अवघड. तिच्या वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "दादा, अप्पा बळवंत चौकातून एखादं चांगलं गाईड घेऊन दे तिला." गाईड मी घेतले नाही. तिची वही मागितली.

वही पाहिल्यावर दुखणे कळले. उदाहरणाचे आकडे दिसले की मुलगी त्यांचा सरळ गुणाकार किंवा भागाकार करून टाकत होती. काय दिले आहे, काय काढायचे आहे आणि उत्तराला एकक कोणते, हे कोठेच लिहिलेले नव्हते. मग आम्ही ठरवले की वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे आधी "दिलेले", त्याखाली "काढायचे", मग सूत्र आणि मग आकडे लिहायचे. उत्तरापुढे एकक नसेल तर उत्तर चूक धरायचे. दहा म्हणजे दहा काय? किलो, लिटर की मीटर? बाजारात "कांदा वीस" एवढेच कोणी म्हटले तर आपण "वीस रुपये किलो की वीस गोणी?" असे विचारतोच ना!

नववीच्या पुस्तकात "कार्य आणि ऊर्जा" हा धडा आहे. त्यावर मी तिला घरचेच उदाहरण घातले. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जेथे पाटात पडते त्या पाइपाच्या तोंडापर्यंत उंची १५ मीटर आहे. पंप दर सेकंदाला १० लिटर पाणी टाकतो. तर किती शक्ती लागेल?

दिलेले: उंची १५ मीटर. पाणी १० लिटर, म्हणजे वस्तुमान १० किलोग्रॅम, कारण एक लिटर पाणी एक किलो भरते. वेळ १ सेकंद. गुरुत्व त्वरण ९.८. काढायचे: शक्ती. सूत्र असे की, कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, आणि त्याला वेळाने भागले की शक्ती. १० × ९.८ × १५ = १,४७० ज्यूल. एका सेकंदात हे काम होते म्हणून शक्ती १,४७० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. भागाकार केला तर १.९७, म्हणजे जवळजवळ दोन अश्वशक्ती.

उत्तर बरोबर आले. मुलीने खाली दोन रेघा ओढल्या आणि मग वर पाहून विचारले, "पण काका, आपल्या विहिरीवर तर पाच एच.पी.ची मोटार आहे. मग पुस्तकाप्रमाणे दोनच कशी आली?"

मंडळी, खरा अभ्यास येथे सुरू होतो. हा प्रश्न शहरातल्या मुलाला सहसा पडत नाही, कारण त्याच्या घरी पाण्याची टाकी कोण भरतो हे त्याला ठाऊक नसते. आपल्या मुलांना तो पडतो. आणि आपण काय करतो? "पुस्तकातलं वेगळं आणि शेतातलं वेगळं" असे सांगून त्याचे तोंड बंद करतो. वस्तुतः दोन्हीकडे निसर्गाचा नियम एकच आहे. पुस्तकातले उदाहरण फक्त पाणी वर नेण्याचे काम मोजते. शेतात मात्र पाणी पाइपाला घासत जाते, प्रत्येक बेंडपाशी वळते, फूटव्हॉल्व्हच्या जाळीतून रेटून यावे लागते आणि पंपाच्या पंख्यातही बरीच शक्ती वाया जाते. मोटारीने दिलेल्या शक्तीपैकी शंभरातली चाळीसच पाणी उचलण्याच्या उपयोगी पडली असे धरा. १,४७० भागिले ०.४ म्हणजे ३,६७५ वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट. जमला की हिशेब! मोटार स्वतः गरम होते त्यात जाणारी वीज आणखी वेगळी. ती धरली तर मीटरवर तासाला साडेचार युनिटांच्या आसपास वापर दिसावा.

हे कळल्यावर तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, दोनशे लिटरचा ड्रम पाइपाच्या तोंडाखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून सांगा." वीस सेकंद लागले असते तर आमचे दहा लिटर खरे ठरले असते. लागले अठ्ठावीस. म्हणजे सेकंदाला सात लिटरच पाणी पडत होते. भावाने दुसऱ्या दिवशी फूटव्हॉल्व्ह वर काढून पाहिला तर जाळीत निम्मा पाला आणि शेवाळ. गृहपाठाचे उदाहरण असे विहिरीपर्यंत गेले.

येथे पाइपाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. तेवढेच पाणी तेवढ्याच लांबीवरून न्यायचे असेल, तर अडीच इंची पाइपाऐवजी तीन इंची टाकल्याने घर्षणात जाणारी शक्ती निम्म्याहूनही कमी होते. व्यास अर्ध्या इंचाने वाढतो आणि फरक एवढा पडतो, कारण ही घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. पाइप घेताना आपण पाचपन्नास रुपयांची घासाघीस करतो आणि पुढे वीस वर्षे पाणी कमी घेतो. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, त्यामुळे पुष्कळांना आता या हिशेबाची गरज वाटत नाही. पण वीज मोफत असली तरी ती आठ तासच मिळते, आणि त्या आठ तासांत किती पाणी निघाले यावरच भिजणारी सरी ठरते. सौर पंप घेणाऱ्यांनी तर हे उदाहरण दोनदा सोडवावे. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती असा जमिनीप्रमाणे हिशेब आहे. जमीन किती हे तलाठ्याच्या उताऱ्यावर दिसते, पण पाणी किती खोल आहे ते तुम्हीच मोजायचे.

दुसरे उदाहरण तिच्या प्रयोगवहीतले. शाळेत पाणी उकळून तापमापी धरायला सांगितली होती. तापमापीने ९८ अंश सेल्सिअस दाखवले. वहीत लिहिले होते १००. का, तर पुस्तकात १०० आहे आणि शेजारच्या मुलीनेही तेच लिहिले आहे! मी पुण्यातल्या इतर मुलांच्याही वह्या चाळल्या. सगळीकडे ठळक अक्षरांत १००. तापमापी बिचारी खरे सांगत होती आणि तिलाच खोटे पाडले होते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंचावर गेलो की डोक्यावरचा हवेचा थर तेवढा कमी होतो, हवेचा दाब घटतो आणि पाणी लवकर उकळते. मुंबईत १००, पुण्यात ९८ आणि महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. डोंगरावरच्या गावात उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही अशी बायकांची तक्रार असते, ती खरी आहे. कितीही जाळ केला तरी पाणी त्या तापमानाच्या वर चढतच नाही, सरपण मात्र जळते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब दुप्पट झाला की पाणी १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून डाळ मऊ होते. मुलीला हे सांगताच आमच्या घरातून म्हणजे स्वयंपाकघरातून आवाज आला, "हे आम्हांला केव्हाच ठाऊक होतं, फक्त आकडा ठाऊक नव्हता!" मला एवढेच म्हणायचे आहे.

हवेचा दाब मोजणारे मोठे ठिकाण पुण्यातच आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आले, म्हणून त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीला गेले, पण १९३२ साली येथे सुरू झालेला शेतीहवामानाचा विभाग पुण्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. पुण्यातल्या दाबमापीचे वाचन साधारण ९५० हेक्टोपास्कल असते. हवामानाच्या नकाशावर मात्र पुण्यापाशी १,०१० वगैरे आकडा दिसतो. गावोगावच्या उंचीमुळे तुलना चुकू नये म्हणून प्रत्येक आकडा समुद्रसपाटीवर आणून लिहितात. मुलीने हा फरक पकडून "मग खरा आकडा कोणता?" असे विचारले, तेव्हा मला बरे वाटले. दोन्ही खरे, पण कशाचे ते लिहिले पाहिजे. म्हणजे पुन्हा "दिलेले" आलेच.

आता हाच हवेचा दाब घेऊन परत विहिरीवर चला. काठावर ठेवलेला मोनोब्लॉक पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. तो ओढत नाही. पंप पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा जो भार देते, त्या भाराने पाणी पाइपात चढते. हवा किती चढवील? दाब भागिले पाण्याची घनता आणि गुरुत्व त्वरण. समुद्रकाठी १,०१,३०० भागिले ९,८०० म्हणजे १०.३ मीटर. पुण्याच्या उंचीवर ९५,००० भागिले ९,८०० म्हणजे ९.७ मीटर. त्यापुढे हत्तीच्या ताकदीचा पंप लावला तरी पाणी वर येणार नाही. इटलीतल्या पंपवाल्यांना हा अनुभव सतराव्या शतकात आला होता. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा वापरून दाबमापी तयार केली. म्हणजे ते उपकरणही विहिरीच्या अडचणीतूनच निघाले आहे.

प्रत्यक्षात पाइपातली घट धरता सहा-सात मीटरच्या खाली पाणी गेले, की काठावरचा पंप कुरकुरू लागतो. आपण मग मोठ्या अश्वशक्तीची मोटार आणतो. पैसे जातात, पाणी येत नाही. उपाय आहे तो पंप खाली उतरवण्याचा किंवा पाणबुडी पंप बसवण्याचा. पाणबुडी पंप पाण्यात राहून वर ढकलतो, त्याला ही मर्यादा नाही. मात्र डिझेल इंजीन कोणीही विहिरीत उतरवू नये. त्याचा विषारी धूर विहिरीत कोंडतो आणि त्याला वास किंवा खोकल्याची सूचना असेलच असे नाही. इंजीन बंद करायला उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, असे दोघेही जातात. हे गणित कोणाच्या घरी सोडवावे लागू नये.

जीवशास्त्राला आकडे नसतात असा मुलांचा समज असतो. त्यांना नववीचा आनुवंशिकतेचा धडा उघडायला सांगा. आमच्या वहीत उदाहरण असे होते: उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच आली. त्यांचे आपसात परागण झाल्यावर दुसऱ्या पिढीत उंच आणि बुटक्यांचे प्रमाण काय? मुलीने चौकट आखली, तीनास एक हे उत्तर पाठ होते, ते लिहिले. का, हे मात्र सांगता येईना.

मी दोन रुपयांची नाणी काढली. प्रत्येक झाडाला उंचीची दोन जनुके असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. छापा म्हणजे उंचीचे जनुक, काटा म्हणजे बुटकेपणाचे. उंचीचे प्रभावी आहे, म्हणजे एक जरी छापा असला तरी झाड उंच. दोन्ही काटे पडले तरच बुटके. चाळीस वेळा नाणी उडवली. दहा बुटकी यायला हवी होती, आली तेरा. मुलगी लगेच म्हणाली, "चुकलं." चुकले काहीच नाही. चाळिसात सात ते तेरा सहज येतात. चारशे वेळा उडवाल तर आकडा शंभराच्या जवळ येईल. मेंडेल हा ब्रनो गावच्या मठातला साधू, त्याने दाण्यांच्या आकाराची मोजणी केली तेव्हा ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. प्रमाण २.९६ ला १. तोही नेमका तीन आलेला नाही, आणि त्याने ओढूनताणून तीन केला नाही. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० सालापर्यंत कोणी फारसे लक्षच दिले नाही. आमच्या पुरंदरच्या वाटाण्याच्या पाट्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दरवर्षी येतात. वाटाणा सोलताना मुलांना हे सांगितले तर धडा पाठ करावा लागणार नाही.

यात शेतकऱ्याचे काय अडले आहे? बियाणे अडले आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला. तेव्हापासून आजपर्यंत "संकरित पिकाचं बी घरी का ठेवू नये?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला जातो आणि पुष्कळांना तो कंपन्यांचा डाव वाटतो. वहीतले उत्तर पाहा. पहिली पिढी सगळी सारखी, दुसरीत फाटाफूट. एकाच जोडीचा हिशेब धरला तर निम्मीच झाडे संकरासारखी मिश्र राहतात. दहा जोड्या धरल्या तर अर्धा दहा वेळा गुणायचा. उत्तर येते १,०२४ झाडांत एक! बाकीची झाडे कोणी उंच, कोणी बुटके, कोणी उशिरा निसवणारे. म्हणून संकरित मका, टोमॅटो, कापूस यांचे बी धरू नये.

पण याच कारणाने दुसरी बाजूही खरी आहे. सोयाबीन, हरभरा, गहू ही पिके आपल्याच परागाने फळतात, आणि सरळ वाणांत ही फाटाफूट उरलेली नसते. त्यांचे बी दरवर्षी विकत घेण्याची मुळीच गरज नाही. नुकतीच मळणी झालेल्या सोयाबीनपैकी चांगले बी बाजूला काढले असेल, तर पोती एकावर एक रचू नका, आपटू नका, साल फार नाजूक असते. मे महिन्यात उगवण तपासण्याचे काम मुलांवर सोपवा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे आणि असे तीनदा करून सरासरी घ्यायची. दहा दाण्यांवर निकाल देऊ नये. का ते चाळीस नाण्यांनी सांगितलेच आहे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बी. बासष्टच उगवले तर ३० × ७० भागिले ६२, म्हणजे ३४ किलो. एक टक्का कमी उगवणीला अर्धा किलो बी वाढवा असे आम्ही सांगतो, त्यानेही उत्तर ३४ च येते. हे त्रैराशिक सातवीचे पोरही करील.

आमची मुलगी सायन्स घेईल की नाही ते दहावीनंतर पाहू. सध्या तिने प्रयोगवहीतले १०० खोडून ९८ लिहिले आहे आणि समासात "पुणे, उंची ५६० मीटर" अशी टीप दिली आहे. तिच्या बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

घरच्या मुलांसाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. विहिरीत पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत उंची १२ मीटर आहे. दोनशे लिटरचा ड्रम २५ सेकंदांत भरतो. मीटर तासाला ३ युनिट दाखवतो. तर खर्च झालेल्या विजेपैकी शेकडा किती वीज पाणी उचलण्याच्या कामी आली? एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तासभर, एवढे लक्षात ठेवावे. उत्तर पुढच्या खेपेस देईन. तोवर आकडे बदलून आपापल्या विहिरीचे काढून पाहा, आणि पंचवीसच्या खाली आले तर आधी फूटव्हॉल्व्ह वर काढा.